कपारीतला मासा आणि काचेची टाकी

मागच्या व्याख्यानात आपण चौकच्या धारावी किल्ल्यावर होतो, १७३९ च्या वसई मोहिमेत. आजचा विषय एकदम घरातला आहे. तो जाहीर झाल्यावर एका नेहमीच्या श्रोत्यानं आम्हाला गाठून विचारलं, "माशांच्या टाकीला कसला आलाय इतिहास? आणि त्यातही लाजाळू मासे, म्हणजे जे दिसतच नाहीत!" प्रश्न रास्त आहे. आजचं सगळं बोलणं या "दिसतच नाहीत"भोवतीच फिरणार आहे.

हे व्याख्यान आम्ही तिघांनी मिळून तयार केलं. बोलतोय एकच जण, पण चुका तिघांच्या आहेत असं समजा. गेली काही वर्षं आम्ही मिरा रोड आणि भाईंदरमधल्या अशा घरांत जातो आहोत जिथे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. अशी घरं थोडीच. गोड्या पाण्याची टाकी पुष्कळांकडे असते. गप्पी, गोल्डफिश, एखादा फ्लॉवरहॉर्न. खाऱ्या पाण्याचं काम वेगळं. पाण्याची क्षारता लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम ठेवायची, तापमान चोवीस ते सत्तावीस अंशांत ठेवायचं. आपल्याकडच्या मे महिन्यात त्यासाठी चिलर लागतो आणि विजेचं बिल बघून घरात बोलणी बसतात.

अशाच एका घरातला प्रसंग सांगतो. टाकी चार फुटांची, खडक सुंदर रचलेले. घरातली मुलगी कौतुकानं सांगत होती, "आत जॉफिश आहे, पिवळ्या डोक्याचा. थांबा हं, येईल बाहेर." आम्ही थांबलो. चहा झाला. पाऊण तास झाला. मासा काही आला नाही. तिची आजी उत्तनकडची. ती कोपऱ्यातून म्हणाली, "अगं, निवटीसुद्धा माणूस हलला की बिळात जाते. तुम्ही सगळे काचेला नाक लावून बसलात तर तो कशाला येतोय? गप बसा जरा लांब." आम्ही लांब बसलो. दहा मिनिटांनी वाळूतल्या भोकातून दोन मोठे डोळे वर आले.

निवटी आपल्या इथल्या सगळ्यांना माहीत असेलच. खाडीच्या चिखलात राहणारा, ओहोटीला चिखलावर सरपटणारा, पावलाची चाहूल लागली की बिळात गडप होणारा मासा. आपले कोळी आणि आगरी लोक बिळात हात घालून तो पकडतात. म्हणजे लपणारा मासा ही मीरा-भाईंदरला नवी गोष्ट नाही. नवी आहे ती त्याच्यासमोरची काच. ही काच कधी आली, आणि तिनं लपणाऱ्या माशाचं काय केलं, ते आता बघू.

सुरुवात होते सिसिलीत. १८३२ साली मेसिना इथे राहणाऱ्या जान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी काचेच्या टाक्या करून घेतल्या. त्यांना आर्गोनॉट या प्राण्याचा अभ्यास करायचा होता. हा ऑक्टोपसचा नातलग. तो पातळ शिंपल्यात राहतो, आणि तो शिंपला त्याचा स्वतःचा की दुसऱ्याचा बळकावलेला, असा मोठा वाद होता. मेलेला नमुना बाटलीत बघून हा वाद सुटणार नव्हता. जिवंत प्राणी घरासारख्या जागी ठेवून, धीर धरून बघणं भाग होतं. बाईंनी तसं बघितलं आणि शिंपला त्याचा स्वतःचाच असल्याचं सिद्ध केलं. लक्षात घ्या, ही टाकी शोभेसाठी नव्हती. एका बुजऱ्या जिवाचं खरं काय ते कळावं म्हणून ती बनली होती.

पुढचा टप्पा लंडनचा. १८४६ मध्ये ॲना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचे जीव घरी आणले. पाण्यात हवा मिसळायला पंप नव्हता. मग मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची. घरातल्या समुद्राचा इतिहास लिहिताना या बाईचं नाव कुणी नोंदवलं नाही, पण पहिला पंप तीच होती.

मग १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं पहिलं सार्वजनिक घर उघडलं, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं. 'ॲक्वेरियम' हा शब्द रूढ झाला तो त्यांच्यामुळे. मध्यमवर्गाला वेड लागलं. लोक हातोडी-छिन्नी घेऊन किनाऱ्यावर जायचे आणि खडकातल्या डबक्यांतून दिसेल ते घरी न्यायचे. परिणाम काय झाला? गॉस यांचा मुलगा एडमंड यानं १९०७ मध्ये वडिलांवर पुस्तक लिहिलं, त्यात हळहळ व्यक्त केली आहे की लहानपणी भरलेली ती डबकी पुढे लुटून रिकामी झाली. बापानं ज्या सौंदर्याकडे बोट दाखवलं, ते त्या बोट दाखवण्यामुळेच संपलं. हा धडा आपल्याला आज पुन्हा लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. मद्रासला १९०९ मध्ये सागरी मत्स्यालय सुरू झालं. मुंबईत १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं. उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालं. भाईंदरहून चर्चगेटची लोकल पकडायची, चर्नी रोडला उतरायचं की समोर मत्स्यालय असायचं. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी तरी शाळेच्या सहलीत ते पाहिलं असेल. आता आठवा, तुम्हाला कोणते मासे आठवतात? कासव आठवेल, मोठाले रंगीत मासे आठवतील. खडकामागचा मासा आठवतोय का कुणाला?

(श्रोत्यांमधून : "वाम! वाम आठवते, तोंड बाहेर काढून बसलेली!")

वा! म्हणजे एक तरी आठवला. पण बहुतेकांना नाही आठवत. सार्वजनिक मत्स्यालयात लोक तिकीट काढून येतात, त्यांना मासा दिसायला हवा. तीच अपेक्षा आपण घरी आणली. १९५०-६० च्या दशकांतली घरगुती समुद्री टाकी कशी असायची? तळाला खडी, त्याखाली गाळणी, आणि वर धुऊन पांढरे केलेले प्रवाळांचे सांगाडे. सगळं स्वच्छ, लख्ख. रोग येऊ नये म्हणून पाण्यात तांब्याचं औषध. लपायला जागा नाहीच. एखादा मासा कोपऱ्यात थिजून उभा राहिला, खाईनासा झाला, की म्हणायचं, हा जातीनंच नाजूक.

यातून बाहेर पडण्याची एक वाट आपल्याच खंडातून आली. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातला जिवंत खडक, म्हणजे ज्याच्या छिद्राछिद्रांत शेवाळ, किडे, जिवाणू राहतात असा दगड. समुद्राचं पाणी, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे. बस. पाणी साफ करण्याचं काम खडकच करी. आणि त्याबरोबर, जवळजवळ फुकटात, माशाला कपार मिळाली. पुढे जर्मनीत आणि अमेरिकेत ही कल्पना वाढली आणि आज जगभरच्या समुद्री टाक्या खडकावरच उभ्या आहेत.

मजा बघा. टाकीत लपायची जागा वाढली आणि मासे जास्त दिसायला लागले. आसरा जवळ आहे हे माहीत असलं की मासा त्यापासून लांब जायला धजतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक जॉर्ज बार्लो यांनी १९६८ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. घाबरट माशांच्या सोबतीला निर्धास्त पोहणारे छोटे मासे सोडले, तर घाबरटही बाहेर येतात. बाकीचे निवांत आहेत म्हणजे धोका नाही, असा त्यांचा हिशेब. गल्लीत मुलं खेळताना दिसली की आपणही खाली उतरतो, तसंच.

"लाजाळू" हा शब्द आम्ही सोयीसाठी वापरतोय, पण तो आपला, माणसांचा. माशाच्या बाजूनं बघितलं तर लपणं हे त्याचं घर सांभाळणं आहे. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

तो जॉफिश घ्या. हा कॅरिबियन समुद्रातला. वाळूत उभं बीळ खणतो, खडे रचून त्याच्या भिंती बांधतो आणि रात्री तोंडावर एक दगड ओढून घेतो. आपण दाराला कडी लावतो तसा. अंडी नर तोंडात सांभाळतो. दुसरा, कॉमेट. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, शेपटीजवळ डोळ्यासारखा ठिपका. भीती वाटली की तो डोकं कपारीत घालतो आणि शेपूट बाहेर ठेवतो. ती शेपूट हुबेहूब एका दातेरी वामेच्या डोक्यासारखी दिसते. १९७७ मध्ये या सोंगावर शास्त्रीय लेख आला. तिसरी जोडी, गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबी. कोळंबीला धड दिसत नाही, पण ती दिवसभर बीळ उपसते. मासा दाराशी राखण करतो. कोळंबीची एक मिशी सतत माशाच्या अंगाला लागलेली असते; माशानं शेपटी झटकली की दोघंही आत.

या जीवांना आपण टाकीत आणतो तेव्हा ते इथपर्यंत येतात कसे? इथे हा इतिहास कडू होतो. उघड्यावर पोहणारा मासा जाळ्यात सापडतो. कपारीत शिरणारा सापडत नाही. म्हणून १९६० च्या दशकात फिलिपीन्समध्ये पाणबुड्यांनी प्लास्टिकच्या बाटलीतून सोडियम सायनाइडचं पाणी कपारीत मारायला सुरुवात केली. मासा गुंगतो, हातात येतो. काही तिथेच मरतात, काही प्रवासात, काही विकत घेणाऱ्याच्या घरी पंधरा दिवसांनी. आणि ज्या प्रवाळावर ते विष पडलं, तेही मरतं. म्हणजे जो मासा जितका लपणारा, तितकं त्याच्यावर विषाचं संकट जास्त.

बंगाई कार्डिनलची गोष्टही अशीच. इंडोनेशियातल्या थोड्या बेटांभोवतीच सापडणारा, समुद्री साळिंदराच्या म्हणजे सी अर्चिनच्या लांब काट्यांत आसरा घेणारा मासा. १९३३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि मग जग त्याला विसरलं. १९९४ मध्ये तो पुन्हा सापडला, टाक्यांच्या बाजारात गाजला, आणि २००७ मध्ये त्याचं नाव संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत गेलं. विस्मृतीतून संकटापर्यंत, तेरा वर्षं. एडमंड गॉसची डबकी आठवतात ना?

आपल्या देशात २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आणि समुद्रघोडे आले. समुद्रघोडा हा तर लपण्यात पटाईत. गवताला शेपूट गुंडाळून गवतासारखा उभा राहणारा. तेव्हापासून आपल्या समुद्रातून प्रवाळ तोडणं, समुद्रघोडे पकडणं, विकणं हा गुन्हा आहे. म्हणून इथले जाणते हौशी लोक भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे खडक रचतात आणि महिनोन्महिने पाण्यात मुरवतात. आपल्या शेजारीच, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात, क्लाउनफिशसारख्या समुद्री शोभिवंत माशांची पैदास करण्याचं कामही उभं राहिलं. टाकीत जन्मलेला मासा घेतला, तर कुठल्या कपारीत विष पडत नाही.

आता आमची स्वतःची चूक. व्याख्यान देणाऱ्यानं तीही सांगावी. आम्ही तिघांनी मिळून एक टाकी लावली होती. जेमतेम तीन महिने झाले होते. दुकानात मँडरिन मासा पाहिला. निळ्या-नारिंगी नक्षीचा, पैठणीच्या काठासारखा. १९२७ मध्ये फिलिपीन्समधून त्याची शास्त्रीय नोंद झाली आहे, तो संध्याकाळी मावळतीला बाहेर पडून जोडी जमवतो, हे सगळं आम्ही वाचलं होतं. तो काय खातो, ते मात्र नीट वाचलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, खातो सगळं. आम्ही आणला. दोन दिवस दिसला नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही टाकीतले सगळे खडक उपसून काढले. मासा तिथेच होता, जिवंत. फक्त पोट आत गेलेलं. मँडरिन दिवसभर खडकावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत राहतो, आणि नव्या टाकीत ते नसतातच. वर आम्ही त्याचं घरही मोडलं होतं. आठवड्यात तो गेला. आमच्यातल्या एकानं त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं, "बघायची घाई नडली." त्या वाक्यापासूनच हे व्याख्यान सुरू झालं.

(श्रोत्यांमधून : "एक विचारू? आपल्या भाईंदरला एवढी मिठागरं. मग टाकीवाले परदेशी मिठाची पाकिटं का आणतात?")

फार चांगला प्रश्न. आम्हालाही आधी ती मिजासच वाटली होती. पण गंमत मिठागराच्या कामातच आहे. वाफ्यातलं समुद्राचं पाणी आटत जातं तेव्हा आधी चुना आणि जिप्सम तळाला बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम वगैरे उरतं ते कडू पाण्यात. ते कडू पाणी आगरी माणूस काढून टाकतो, म्हणूनच आपलं मीठ चवीला चांगलं. म्हणजे मिठागरात समुद्राची फाळणी होते. तेच मीठ पुन्हा पाण्यात घातलं तर खारं पाणी होईल, समुद्र होणार नाही. टाकीच्या मिठात ते सगळे क्षार समुद्राच्या प्रमाणात असावे लागतात. आणि थेट खाडीचं पाणी घ्यावं, तर पावसाळ्यात ते निम्मं गोडं होतं, एरवी गाळानं भरलेलं. निवटीला ते चालतं. प्रवाळातल्या माशाला नाही.

आता शेवटाकडे येतो. २०२० चा मे महिना. आपण सगळे घरात कोंडलेले. टोकियोतलं सुमिदा मत्स्यालय मार्चपासून बंद होतं. तिथे गार्डन ईल नावाचे सुमारे तीनशे मासे आहेत. वाळूतून अर्धं अंग वर काढून गवतासारखे डोलणारे. माणसांची सवय असल्यामुळे ते बिनधास्त राहायचे. बंद काळात ती सवय मोडली. कर्मचारी टाकीजवळ गेला की सगळे वाळूत गुडूप. आजारी कोण, धडधाकट कोण, तपासताच येईना. तेव्हा मत्स्यालयानं लोकांना विनंती केली, की तीन दिवस व्हिडिओ कॉल करा आणि माशांना तुमचे चेहरे दाखवा. टाकीसमोर पडदे मांडले आणि लोकांनी घरबसल्या हात हलवले.

जगभर लोक या बातमीवर हसले. आमच्याकडे त्याच दिवसांत उलटं घडत होतं. ज्या घराची गोष्ट सुरुवातीला सांगितली, त्या मुलीचा फोन आला. घरातली सगळी माणसं दिवसभर घरात, टाकीसमोरच्याच टेबलावर तिचं कॉलेज आणि वडिलांचं ऑफिस. आणि जॉफिश बाहेर येऊन बसतो! कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, म्हणून. दीड-दोन महिन्यांत त्याला कळलं होतं की ही मोठी मोठी आकारं नुसती असतात, काही करत नाहीत.

टोकियोत माणसं गेली म्हणून मासे लपले. मिरा रोडला माणसं थांबली म्हणून मासा बाहेर आला. दोन्ही ठिकाणी ठरवणारा मासाच होता. दीडशे-पावणेदोनशे वर्षं आपण काच, पंप, मीठ, दिवे यांत सुधारणा केल्या. पण लपणारा मासा दिसायला लागला तो आपण त्याला लपू दिलं तेव्हाच.

वेळ झालीय, पण एक प्रश्न घेऊ.

(प्रश्न : "मग असा मासा पाळूच नये, असं तुमचं म्हणणं आहे का?")

नाही, तसं सरसकट म्हणणार नाही. टाकी जुनी होऊ द्या, निदान वर्षभर. टाकीत जन्मलेला मासा मिळाला तर तोच घ्या. मँडरिनचीसुद्धा २०१० च्या सुमारास फ्लोरिडात विक्रीसाठी पैदास झाली, आणि असे मासे तयार खाणं शिकतात. दुकानात तो खाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मगच पैसे द्या. रात्री बघायचं असेल तर मंद लाल दिवा वापरा. तांबडा उजेड समुद्रात वरच्या थोड्या मीटरांतच विरतो, त्यामुळे बऱ्याच माशांना तो नीट दिसत नाही. आणि दोन दिवस दिसला नाही, तर खडक उपसू नका. पाणी तपासा, खाणं टाका, वाट बघा.

आणि ज्यांना हे सगळं जमणार नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. राई-मुर्ध्याच्या बाजूला खाडीकाठी ओहोटीला जा. चिखलात उतरू नका, काठावरच बसा. हलू नका. पहिली दहा मिनिटं नुसता चिखल दिसेल. मग एक निवटी वर येईल, मग दुसरी. आम्ही आता तिघंही महिन्यातून एकदा जातो. ती आजीही एकदा आली होती आमच्याबरोबर. आम्ही कुजबुजलो तर तिनं डोळे वटारले.